मालक पुण्यात, क्लब ब्लॅकबर्नमध्ये आणि मधला माणूस निघाला

मँचेस्टरला ऑनसाइट होतो तेव्हा एका शनिवारी लोकल ट्रेन पकडून ब्लॅकबर्नला गेलो होतो. मिल हिल स्टेशनला उतरायचं, विटांच्या बैठ्या घरांच्या गल्लीतून चालत राहायचं, आणि मग अचानक घरांच्या मधोमध इवूड पार्क, म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं स्टेडियम दिसतं. आपल्याकडे गावाच्या मध्यावर देऊळ असतं तसं ते उभं आहे. शेजारच्या खुर्चीत सत्तरीतले एक आजोबा होते, गळ्यात निळा-पांढरा मफलर, मांडीवर थर्मास. हाफटाइमला त्यांनी विचारलं कुठला तू, मी म्हणालो पुणे. पुणे ऐकल्यावर ते एकदम माझ्याकडे वळून बसले आणि म्हणाले, तिकडं आमच्या क्लबबद्दल काय बोलतात लोक? मी खरं ते सांगितलं, की काहीच बोलत नाहीत, बऱ्याच जणांना माहीतही नाही. त्यांनी मान हलवली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, आणि त्यात क्लबचे चीफ एक्झिक्युटिव्ह, म्हणजे रोजचा कारभार बघणारे मुख्य अधिकारी स्टीव्ह वॅगट यांनीही क्लब सोडला, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला १८७५ सालचा क्लब, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांपैकी एक, तीन वेळा लीग आणि सहा वेळा एफए कप ही मानाची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकलेला. आणि नोव्हेंबर २०१० पासून तो पुण्याच्या वेंकीज या कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातल्या कंपनीचा आहे, म्हणजे राव कुटुंबाचा. सिंहगड रोडवरून रोज येणारे जाणारे हजारो लोक ज्या ऑफिसवरून पुढे जातात, तिथे लँकेशायरमधल्या एका अख्ख्या गावाच्या शनिवारचं काय होणार ते ठरतं. हे मला साधं वाटत नाही.

आता वारशाचं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, वेंकीज त्यातलीच, १९८२ मध्ये अंड्याचा भाव शेतकऱ्याच्या हातात राहावा म्हणून एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना उभी केली, आज भारतातला साधा माणूस अंडं परवडतं म्हणून खातो त्यात या माणसाचा फार मोठा हात आहे आणि हे मी मनापासून म्हणतो. १९९६ मध्ये ते गेले आणि उद्योग मुलांकडे आला, अनुराधा देसाई, व्यंकटेश राव, बालाजी राव. म्हणजे क्लब काही त्यांना वारशात नाही मिळाला, पण ज्या पैशातून आणि ज्या आत्मविश्वासातून तो घेतला ते वारशाचं होतं.

आणि विकणारे कोण होते बघा. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच पोरगा, पोलादाच्या धंद्यात मोठा झाला, १९९१ मध्ये क्लब हातात घेतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणजे टीमचा मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं, गोल करणाऱ्या अ‍ॅलन शियररला आणलं, आणि १९९४-९५ ला लाखभर वस्तीच्या या गिरणगावानं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची लीग जिंकली. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला हरूनसुद्धा जिंकली, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत अडकवलं होतं. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर गेले आणि क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे आला. ट्रस्टनं दहा वर्षं सांभाळला आणि मग २ कोटी ३० लाख पाउंडला वेंकीजला दिला, वर साधारण २ कोटी पाउंडचं कर्ज होतं ते वेगळं. एका वारसानं दुसऱ्या वारसाला दिलेली वस्तू, असा हा व्यवहार. गाव मात्र कुणाच्याच कागदावर नव्हतं.

मला वारसदार मालक म्हणजे वाईटच असं अजिबात म्हणायचं नाही. इंग्लंडमधल्याच लेस्टर सिटी क्लबचं बघा, ऑक्टोबर २०१८ मध्ये मालक विचाई श्रीवद्धनप्रभा स्टेडियमच्या बाहेरच हेलिकॉप्टर कोसळून गेले, मुलगा आयावत्तनं क्लब हातात घेतला, २०२१ मध्ये एफए कप जिंकला तेव्हा तो पोरगा मैदानात खेळाडूंच्या गळ्यात पडून रडत होता. पुढे तोच क्लब दोनदा खालच्या लीगमध्ये गेला, लोक त्याच्यावर चिडले, पण चिडायला तो समोर होता. मुद्दा समोर असण्याचा आहे. बापाची वस्तू असो की बापाच्या पैशानं घेतलेली, ज्यांच्या जिवावर ती वस्तू मोठी झाली त्यांच्यासमोर तुम्ही उभे राहता का, एवढंच मी विचारतो.

ब्लॅकबर्नमध्ये ते झालं नाही. मालक स्टेडियमवर क्वचितच दिसले आणि मधे एक माणूस उभा केला गेला. कधी त्याला चेअरमन म्हटलं, कधी मॅनेजिंग डायरेक्टर, कधी डेप्युटी चीफ एक्झिक्युटिव्ह, कधी चीफ एक्झिक्युटिव्ह. नाव काहीही असो, काम एकच, पुण्याचा निर्णय ब्लॅकबर्नला सांगायचा आणि ब्लॅकबर्नचा राग स्वतःच्या अंगावर घ्यायचा. आणि मग एक दिवस हा माणूस जातो, क्लबच्या वेबसाइटवर चार ओळी येतात, त्यांच्या योगदानाबद्दल आभार वगैरे, आणि लोकांना वाटतं की चला, काहीतरी बदललं. काही बदललेलं नसतं हो.

क्रमानं बघू. क्लब घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता, डिसेंबर २०१० मध्ये मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं, टीम तेराव्या नंबरवर होती, म्हणजे खालच्या लीगमध्ये जायची भीती नव्हती. त्यांच्या जागी कोचिंग स्टाफमधले स्टीव्ह कीन आले. त्याच सुमारास ब्राझीलचा जगप्रसिद्ध खेळाडू रोनाल्डिन्योला आणायची भाषा पुण्यातून झाली. चेअरमन जॉन विल्यम्स हे १९९७ पासूनचे, लहान गावाचा क्लब मोठ्या लीगमध्ये कमी पैशात कसा टिकवायचा हे ज्याला कळतं असा माणूस, ते फेब्रुवारी २०११ मध्ये निघाले. वरच्या फळीतले बाकीचेही पुढे क्लब सोडून गेले. एका वर्षात क्लबची आठवण पुसली गेली असं मी म्हणेन, कारण संस्थेची आठवण फाईलमध्ये नसते, ती अशा चार-पाच लोकांच्या डोक्यात असते, कुठल्या एजंटला दारात उभं करायचं नाही, बँकेतल्या कुणाशी कसं बोलायचं, अकादमीतल्या कुठल्या पोराच्या आईला फोन करायचा.

मग पॉल हंट. हे डेप्युटी चीफ एक्झिक्युटिव्ह. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी अनुराधा देसाईंना पत्र लिहिलं, की मॅनेजर बदलायला हवा, प्रेक्षक त्यांच्या बाजूनं राहिलेले नाहीत, पैशाची स्थिती काळजीची आहे. जे नोकरीत असलेल्या माणसानं मालकाला सांगायला हवं तेच त्यांनी सांगितलं. काही झालं नाही. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून १-० नं हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, अकरा वर्षांनी, त्या रात्री कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली आणि तो फोटो जगभर गेला. मग ते पत्र बाहेर फुटलं आणि हंट यांची नोकरी गेली. ज्यानं पाच महिने आधी धोका लिहून दिला तो गेला आणि ज्याच्याबद्दल लिहून दिलं होतं ते मॅनेजर सप्टेंबरपर्यंत राहिले. आता सांगा, त्यानंतर त्या खुर्चीत बसणारा कुठला माणूस मालकाला खरं सांगायला धजावेल?

आणि हेनिंग बर्गची केस तर मला वाटतं मॅनेजमेंट शिकणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. बर्ग हा १९९५ च्या विजेत्या टीममधला खेळाडू, ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी मॅनेजर म्हणून तीन वर्षांच्या करारावर आला आणि ५७ दिवसांत काढला गेला. करारात राहिलेल्या काळाचा पगार देण्याचं कलम होतं, ते साडेबावीस लाख पाउंड. क्लबनं आधी मान्य केलं की हो देणं लागतो. मग कोर्टात भूमिका बदलली आणि म्हणणं मांडलं की मॅनेजिंग डायरेक्टर डेरेक शॉ यांना असा करार करायचा अधिकारच नव्हता. कोर्टानं ते ऐकलं नाही, पैसे द्यावे लागले. पण पैसे सोडा. क्लबचा सगळ्यात मोठा पगारी अधिकारी कुणाला कुठल्या अटीवर कामावर घेऊ शकतो हे क्लबलाच कोर्टात जाऊन ठरवायची वेळ आली. बर्गनंतर आलेले मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले.

हे वाचताना मला आपले साखर कारखाने आठवतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याचं घर आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. दादांनी किंवा अण्णांनी माळावर कारखाना उभा केला, शेअर्स गोळा करायला सायकलवर गावोगाव फिरले, ते गेल्यावर चेअरमनपद घरात राहिलं, मुलगा मुंबईत किंवा पुण्यात, आणि कारखान्यावर बसतो तो कार्यकारी संचालक. उसाचं बिल थकलं की शेतकरी एमडीच्या केबिनला घेराव घालतात, एमडी म्हणतो साहेबांशी बोलून सांगतो, आणि फारच पेटलं की एमडी बदलतो. नवा एमडी पहिल्या दिवशी नारळ फोडतो. बिल मात्र थकलेलंच. पण कारखान्यात निदान एक गोष्ट आहे, सभासदाला वार्षिक सभेत उभं राहून माईक मागता येतो, माईक हिसकावून घेतला तरी तो मागण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. ब्लॅकबर्नच्या त्या आजोबांनी साठ वर्षं सीझन तिकीट घेतलं असलं तरी त्यांना तेवढाही हक्क नाही. ते कायद्याच्या दृष्टीनं गिऱ्हाईक आहेत.

आता दुसरी बाजू, ती सांगितल्याशिवाय बोलणं खोटं ठरेल. राव कुटुंबानं या क्लबमध्ये २० कोटी पाउंडांच्या वर पैसा घातलाय. दरवर्षी तोटा आणि दरवर्षी पैसे पाठवायचे, पंधरा वर्षं. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, तीही तारीख ७ मेच होती, गोलफरकानं गेला, तेव्हा ते विकून मोकळे होऊ शकले असते पण नाही झाले, पैसे घालत राहिले, मॅनेजर टोनी मोब्रेंवर विश्वास ठेवला आणि पुढच्याच वर्षी क्लब वर आला. त्याच भागातला बरी हा जुना क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. विगन २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला. शेफील्ड वेन्सडे २०२५ मध्ये. पगार वेळेवर होणं ही इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये छोटी गोष्ट नाही. मोब्रे आणि चीफ एक्झिक्युटिव्ह स्टीव्ह वॅगट विमान पकडून पुण्याला यायचे, मालकांना समोरासमोर भेटायचे, आणि तोच काळ या सगळ्या वर्षांतला सगळ्यात शांत काळ होता. मला यातूनच माझा मुद्दा पक्का झालेला दिसतो. मालक आणि कारभारी एका टेबलावर बसून बोलत होते तेव्हा क्लब सावरला. कुणी जादू केली नव्हती, संवाद होता एवढंच.

पण पैसे भरतो म्हणून कुणी विचारायचं नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार एखाद्या शेठनं केला तर पायरीवर त्याचं नाव कोरतात, मान देतात, पालखीला पहिला खांदा देतात. म्हणून देव त्याचा होत नाही, आणि काकड आरती किती वाजता करायची हे तो पुण्यात बसून ठरवत नाही.

आणि पैसे भरण्याचाही आधार किती कच्चा असतो ते २०२३ पासून दिसलं. भारतात ईडीची चौकशी सुरू होती, त्यामुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागायला लागली. चौकशीत काय निघेल ते निघो, त्यावर मी बोलणार नाही. पण चित्र डोळ्यासमोर आणा. लँकेशायरमधल्या क्लबचे चाहते दिल्ली हायकोर्टाची तारीख कधी आहे ते मोबाईलवर शोधतायत, तारीख पुढे गेली की जानेवारीत खेळाडू येणार का नाही याची चर्चा. त्याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अ‍ॅडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, आणि चार महिन्यांत तो युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेसाठी इंग्लंडच्या टीममध्ये होता. २०२५ मध्ये तर महिलांची टीम दुसऱ्या पायरीच्या लीगमधून काढून घेतली, तिथले नियम पाळायला जो खर्च येणार होता तो करायचा नाही असं ठरलं. त्या मुलींना हा निर्णय का झाला ते कुणी सांगायचं? वॅगट यांचाही काळ संपला, तेही क्लब सोडून गेले. काही चाहत्यांना बरं वाटलं, वर्षानुवर्षं त्यांच्याच नावानं बोंब होती. मी म्हणतो, ज्याच्या नावानं बोंब होती त्याच्याकडे निर्णय होता का, हे कुणाला माहीत आहे?

ही फक्त ब्लॅकबर्नची गोष्ट नाही. मँचेस्टर युनायटेडमध्ये माल्कम ग्लेझर २०१४ मध्ये गेले, क्लब मुलांकडे, आणि लोकांच्या शिव्या कारभार बघणाऱ्या एड वुडवर्डना. एप्रिल २०२१ मध्ये सुपर लीगचा, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढायचा डाव फसला तेव्हा आधी बातमी आली ती वुडवर्ड जाणार याची. टॉटनहॅममध्ये जो लुईस यांच्या हातातून सूत्रं कुटुंबाच्या ट्रस्टकडे गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चेअरमन डॅनियल लेव्ही जवळपास २५ वर्षांनी खुर्चीतून उठले. लेव्हींवर टीका करायला जागा आहे, पण तिथेही लोकांना आता पहिल्यांदा प्रश्न पडला की मालक म्हणजे नक्की कोण, त्यांची नावं काय, ते कुठे असतात.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्सचा कायदा झाला आणि फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. चांगली गोष्ट आहे. मालक लायक आहे का, पैसा कुठून येतो, हे आता तपासलं जाईल, सध्याच्या मालकांचंही. पण माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. प्रत्येक क्लबनं एक कागद जाहीर करावा, साधा, दोन पानी. मॅनेजरला कोण काढू शकतं, किती रकमेपर्यंतचा खेळाडू चीफ एक्झिक्युटिव्ह स्वतःच्या सहीनं घेऊ शकतो, त्यापुढे कुणाला विचारावं लागतं आणि उत्तर किती दिवसांत यायला हवं. हा कागद असता तर बर्गची केस कोर्टात गेलीच नसती. आणि दुसरं, चीफ एक्झिक्युटिव्ह जाताना त्याची नियामकासमोर बैठक व्हावी, बंद दाराआड चालेल, त्यात त्यानं लेखी सांगावं की मी कुठल्या गोष्टींचा इशारा दिला होता आणि कशावर उत्तर आलं नाही. त्याच्या तोंडाला करारानं कुलूप लावायची सोय निदान नियामकापुरती तरी नको. हंट यांचं पत्र फुटलं म्हणून आपल्याला कळलं, जी फुटली नाहीत अशी किती पत्रं असतील.

काही जण म्हणतील की खाजगी मालमत्तेत एवढी ढवळाढवळ केली तर कोण पैसे घालेल. प्रश्न रास्त आहे. पण वर्षातून एकदा लोकांसमोर बसायची लाज किंवा भीती वाटते म्हणून जो पैसे घालणार नाही, त्याचे पैसे क्लबला महागच पडतात. आणि अंतराचं कारण आता चालत नाही, व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या आज्या कॅलिफोर्नियातल्या नातवाला पुरणपोळी शिकवतात.

मला याचं वाईट का वाटतं तर आम्ही पुण्यात हे भोगलंय. पुणे एफसी हा आपला फुटबॉल क्लब होता. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नची टीम पुण्याला आली, बालेवाडीत पुणे एफसीशी खेळली, ३-० नं जिंकली. मी गेलो होतो. प्रीमियर लीगचे खेळाडू आपल्या बालेवाडीत, पोरं वेड्यासारखी ओरडत होती. पुढे पुणे एफसी बंद झाला. मग आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी, तोही २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ज्या पोरांनी नारिंगी झेंडे शिवून घेतले होते त्यांना कुणी काही विचारलं नाही. आज पुण्यातला पोरगा रात्री दीड वाजता मोबाईलवर लंडनची मॅच बघतो कारण त्याच्या गावाला स्वतःचं काही उरलं नाही. कोल्हापुरात जाऊन बघा, पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल हे तिथले फुटबॉल क्लब, तिथे टीम पेठेची असते, हरली तर सेक्रेटरीला संध्याकाळी मिसळीच्या दुकानात उत्तर द्यावं लागतं. गरीब क्लब आहेत, पण जिवंत आहेत.

ब्लॅकबर्नशी आपलं नातं काही आजचं नाही. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मुंबईच्या बंदरातून कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला जाऊन राहिले, परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांचे हात रिकामे झाले त्याच गिरणीकामगारांमध्ये. त्यांचं नुकसान करणारी चळवळ चालवणारा माणूस त्यांच्या दारात गेला, समोर बसला, त्यांचं ऐकलं, आपली बाजू सांगितली. पटलं सगळ्यांना असं नाही. पण आला होता, हे लोक विसरले नाहीत.

इवूड पार्कला मॅच संपल्यावर त्या आजोबांनी मला थांबवलं आणि समोरच्या स्टँडकडे बोट दाखवून नाव वाचायला सांगितलं. जॅक वॉकर स्टँड. म्हणाले, घरी गेल्यावर सांग कुणालातरी. मी तेव्हा हो म्हणालो होतो. नवीन चीफ एक्झिक्युटिव्ह कोण, त्याचा अनुभव काय, याच्या बातम्या येत राहतील, पण पुण्यातल्या एखाद्या तरी मराठी पत्रकारानं सिंहगड रोडवर जाऊन मुलाखतीची वेळ मागावी आणि एकच प्रश्न विचारावा, की अनुराधा मॅडम, पुढच्या ऑगस्टमध्ये सीझनच्या पहिल्या मॅचला तुम्ही तिथे असाल का.